गोष्ट हवी की करामत?

नवा चित्रपट पाहून आलेल्या मित्राला तुम्ही विचारता, "कसा आहे रे?" तो हात पसरून सांगू लागतो, "काय तो पूर! काय ती हवेत उडणारी मोटार! सात मजली इमारत कोसळते, पण नायकाला साधे खरचटतसुद्धा नाही!" मग तुम्ही विचारता, "बरे, पण गोष्ट काय आहे?" येथे तो जरा अडखळतो. डोके खाजवतो. म्हणतो, "गोष्ट तशी काही नाही. पण बघण्यासारखा आहे." हे उत्तर तुम्ही अनेकदा ऐकले असेल. कदाचित स्वतः दिलेही असेल.

गोष्ट नाही, पण बघण्यासारखा आहे! या वाक्याचा आज आपण थोडा विचार करू. माझे मत मी आधीच सांगून टाकतो. डोळे दिपवणारी दृश्ये चित्रपटाची तिकिटे खपवू शकतात, प्रेक्षकाला दोन-अडीच तास खुर्चीत बसवूनही ठेवू शकतात. परंतु कमकुवत गोष्टीची उणीव ती भरून काढू शकत नाहीत. माझे हे मत तुम्ही लगेच मान्य करावे, असे मुळीच नाही. समोरच्या बाजूलाही बरेच बळ आहे. तीही बाजू आपण पाहू.

जी गोष्ट प्रत्यक्षात घडत नाही, ती पडद्यावर घडल्यासारखी दाखवणे, याला आपले वडीलधारे लोक 'ट्रिकसीन' म्हणत. आता 'स्पेशल इफेक्ट्स' हा शब्द रूढ झाला आहे. संगणक आल्यापासूनच ही विद्या सुरू झाली, असे तुम्हांला वाटत असेल, तर तो समज दूर करा. ती जवळजवळ चित्रपटाइतकीच जुनी आहे. फ्रान्समध्ये जॉर्ज मेलिए नावाचे एक जादूगार होते. रंगमंचावर ते जादूचे प्रयोग करत. कॅमेरा हाती येताच त्यांनी जादू पडद्यावर आणली. कॅमेरा मध्येच थांबवायचा, समोरचा माणूस बाजूला करायचा आणि कॅमेरा पुन्हा सुरू करायचा. प्रेक्षकांना वाटे, माणूस अदृश्य झाला! १९०२ साली त्यांनी चंद्रावरील प्रवासाचा चित्रपट काढला. त्यात तोफेतून उडालेला गोळा थेट चंद्राच्या डोळ्यात जाऊन रुततो. ते चित्र आजही जगभर ओळखले जाते.

पण पुढे काय झाले? मेलिए यांनी सुमारे पाचशे लहानमोठे चित्रपट काढले. लोक पहिल्यांदा थक्क झाले. नंतर त्यांना सवय झाली. माणूस अदृश्य होतो, डोके मोठे होते, परी प्रकट होते. हे सारे दहादा पाहिल्यावर अकराव्यांदा कोण टाळ्या वाजवणार? तोवर दुसऱ्या दिग्दर्शकांनी पडद्यावर माणसांच्या गोष्टी सांगायला सुरुवात केली होती. प्रेक्षक तिकडे वळले. व्यवहारातील अडचणीही होत्याच. १९१३ च्या सुमारास मेलिए यांचे चित्रपट थांबले आणि पुढे पॅरिसच्या एका रेल्वे स्थानकावर ते खेळणी आणि मिठाई विकू लागले. जगाला चकित करणाऱ्या माणसाचे दुकान रेल्वे स्थानकावर! नंतरच्या काळात त्यांचा मानसन्मान झाला, हे त्यातल्या त्यात बरे.

आपल्या देशातही पहिल्या दिवसापासून करामतींची आवड होती. दादासाहेब फाळके यांनी १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' काढला. त्यांना छायाचित्रण आणि जादूचे प्रयोग दोन्ही येत होते. १९१९ च्या त्यांच्या 'कालिया मर्दन' या चित्रपटात त्यांची लहान मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली होती. या चित्रपटाच्या सुरुवातीला एक मौज आहे. आधी ती चिमुरडी कॅमेऱ्यासमोर चेहऱ्यावरचे नाना भाव करून दाखवते आणि मग बघता बघता तिचा कृष्ण होतो. म्हणजे फाळके प्रेक्षकांना जणू सांगत होते, कालिया नागाशी झुंज तुम्ही पुढे पाहालच, पण आधी हा चेहरा पाहून घ्या.

मराठी चित्रपटातील सर्वांत सुंदर उदाहरण मात्र 'संत तुकाराम' हेच म्हणावे लागेल. पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीने हा चित्रपट १९३६ मध्ये काढला. विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल हे त्याचे दोन दिग्दर्शक. फत्तेलाल यांना सारे 'साहेबमामा' म्हणत. ते मूळचे चित्रकार. प्रभातच्या चित्रपटांतील राजवाडे, देवळे, गावे आणि घरे त्यांच्या कल्पनेतून उभी राहत. एका मराठी संताचे जीवन पडद्यावर आणणाऱ्या दोघांपैकी एक मुसलमान होते, याचे त्या काळी कोणाला नवल वाटले नाही. काम उत्तम झाले, एवढेच लोकांनी पाहिले. हा चित्रपट एकाच चित्रपटगृहात वर्षभराहून अधिक काळ चालला आणि १९३७ मध्ये व्हेनिस येथील चित्रपट महोत्सवात त्याचा गौरव झाला.

या चित्रपटात चमत्कार आहेत. इंद्रायणीत बुडवलेली गाथा तुकारामांना परत मिळते. शेवटी तुकाराम गरुडाच्या वाहनातून आकाशमार्गाने वैकुंठाला जातात. आजच्या संगणकाच्या मानाने ते दृश्य साधेच आहे. तरी ते पाहताना आपल्याला हसू येत नाही. का येत नाही? कारण आकाशात वाहन उडण्यापूर्वी दिग्दर्शकांनी आपल्याला तुकारामांचे घर दाखवलेले असते. घरात दाणा नसतो. मूल आजारी पडते. पत्नी जिजाई कष्ट करकरून थकलेली असते. तिचा नवरा देवाच्या नामात दंग, आणि चूल पेटवायची हिने! एकदा तर ती इतकी संतापते की आजारी मुलाला घेऊन आणि हातात पायताण घेऊन थेट विठोबाच्या देवळात शिरते. देवाला जाब विचारणारी ही बाई प्रेक्षकांना आपल्या शेजारचीच वाटते. शेवटी तुकाराम तिला बरोबर येण्यास सांगतात. ती नाही म्हणते. मुलांचे कोण पाहणार? म्हणून जेव्हा ते वाहन वर जाते, तेव्हा आपले अर्धे लक्ष आकाशाकडे असते आणि अर्धे खाली जमिनीवर उभ्या असलेल्या जिजाईकडे. आता कल्पना करा, ही जिजाई चित्रपटात नसती, तर त्या उडत्या गरुडाचे आपल्याला काय वाटले असते? काही नाही. एक ट्रिकसीन पाहिला, एवढेच!

तुमच्या उर्दू भाषेत तर याचे फार मोठे भांडार आहे. अमीर हमजाची दास्तान तुमच्यापैकी अनेकांनी ऐकली असेल, निदान अमर अय्यारच्या गोष्टी तरी वाचल्या असतील. 'तिलिस्मे होशरुबा'मध्ये काय नाही? मायावी नगरे आहेत, जादूगार बादशहा अफरासियाब आहे आणि अमर अय्यारची ती अजब झोळी, जंबील, आहे. तिच्यात सारे जग मावेल! आजच्या कोणत्याही चित्रपटाला लाजवील इतकी जादू या दास्तानीत आहे. आणि ती सांगणाऱ्या दास्तानगोजवळ साधन कोणते होते? फक्त आवाज, हातवारे आणि डोळे. दिल्लीचे मीर बाकर अली हे जुन्या परंपरेतील शेवटचे नामांकित दास्तानगो. १९२८ मध्ये ते वारले. ना पडदा, ना दिवे, ना यंत्र. तरी श्रोते रात्र रात्र बसत.

त्यांना जादू ऐकायला आवडे, यात शंका नाही. पण नीट पाहा. अमर अय्यार स्वतः काही मोठा जादूगार नाही. त्याच्यापुढे उभे ठाकलेले जादूगार त्याच्याहून कितीतरी बलवान आहेत. तो वेष बदलतो, थापा मारतो, लोभाने मिळेल ती वस्तू झोळीत टाकतो, फसतो, पुन्हा सुटतो. आता हा कसा सुटणार, ही उत्सुकता श्रोत्याला जागे ठेवते. जादूमुळे त्याच्यापुढील संकट वाढते. म्हणून ती जादू गोष्टीच्या कामाची. जेथे जादूने संकट चुटकीसरशी नाहीसे होते, तेथे गोष्टही नाहीशी होते. पडद्यावरचा नायक शंभर गुंडांना हवेत भिरकावतो तेव्हा आपण टाळ्या वाजवतो खरे, पण त्याची काळजी मात्र आपल्याला वाटत नाही. ज्याला काही होणारच नाही, त्याची काळजी कोण करील?

जाता जाता सांगतो, याच हमजाच्या कथेसाठी अकबर बादशहाने स्पेशल इफेक्ट्सही करवून घेतले होते! १५६२ च्या सुमारास त्याच्या चित्रशाळेत कापडावर मोठमोठी चित्रे रंगवण्यास सुरुवात झाली. सुमारे पंधरा वर्षे काम चालले आणि जवळजवळ १४०० चित्रे तयार झाली. त्यांत राक्षस आहेत, अजगर आहेत, किल्ल्यावर चढणारे अय्यार आहेत. एवढा खर्च, एवढी मेहनत झाली. पण गोष्टीला विसरून चालले नाही. पुष्कळशा चित्रांच्या मागील बाजूस कथेचा मजकूर लिहिलेला आहे.

आता एका वेगळ्या चित्रपटाकडे वळू. १९७५ मध्ये अमेरिकेत 'जॉज' नावाचा चित्रपट आला. एक अजस्र शार्क मासा समुद्रकिनाऱ्यावरच्या लोकांना खातो, एवढेच त्याचे सूत्र. दिग्दर्शक स्टीव्हन स्पीलबर्ग तेव्हा ऐन विशीत होते. यंत्रावर चालणारे शार्क मासे त्यांनी मुद्दाम बनवून घेतले होते. पण खाऱ्या पाण्यात यंत्रे वारंवार बिघडू लागली. समुद्रात सारा ताफा उभा आणि मासा काही हलत नाही! मग करायचे काय? स्पीलबर्ग यांनी मासा न दाखवताच त्याची भीती दाखवायचे ठरवले. पोहणारी मुलगी अचानक पाण्याखाली ओढली जाते; ओढणारा दिसत नाही. पाण्यावर पिवळी पिंपे वेगाने सरकतात. त्यांना बांधलेला मासा दिसत नाही. संगीताचे दोनच स्वर वाजत राहतात. शार्क नीट दिसतो तो एक तास उलटून गेल्यावर. तोपर्यंत गावच्या पोलीस अधिकाऱ्याची तगमग आपण पाहिलेली असते. किनारा बंद करा, असे तो सांगत असतो आणि धंदा बुडेल म्हणून गावचे पुढारी ऐकत नसतात. करामत बिघडली आणि चित्रपट सुधारला, असे म्हटले तरी चालेल.

याच स्पीलबर्ग यांनी १९९३ मध्ये 'जुरासिक पार्क' काढला. पुढच्या वर्षी तो हिंदीत आला आणि आपल्याकडेही लोकांनी त्यावर उड्या टाकल्या. सव्वादोन तासांहून थोड्या कमी वेळाच्या या चित्रपटात डायनोसॉर पडद्यावर किती वेळ दिसतात? सगळे मिळून सुमारे पंधरा मिनिटे. त्यांतही संगणकावर तयार केलेले तर त्याहून कमी. बाकीचे मोठे पुतळे आणि यंत्रे. तो राक्षसी प्राणी प्रथम येतो तो मोटारीतील पेल्यातल्या पाण्यावर उठणाऱ्या तरंगांतून. पाणी थरथरते आणि पाहणाऱ्याच्या पोटात गोळा येतो.

आता समोरच्या बाजूचे म्हणणे ऐका. एखादा विद्यार्थी म्हणेल, "सर, सगळेच चित्रपट गोष्टीसाठी का पाहायचे? जत्रेत आपण पाळण्यात बसतो, सर्कशीत जातो. तेथे कोठे गोष्ट असते? डोळ्यांना आनंद मिळाला, पुरे झाले." हे म्हणणे मला चुकीचे वाटत नाही. आकाशपाळण्याला कोणी कथानक विचारत नाही. पण पाळणा पाच मिनिटांत थांबतो, हेही लक्षात घ्या. अडीच तास पाळण्यात बसवले, तर आनंद होईल की चक्कर येईल?

दुसरा विद्यार्थी याहून चतुर असेल. तो म्हणेल, "मग 'अवतार'चे काय?" जेम्स कॅमेरॉन यांचा हा चित्रपट २००९ मध्ये आला. त्यातील पँडोरा नावाची दुनिया, निळ्या कातडीचे उंच लोक, तरंगणारे डोंगर पाहून जग वेडे झाले. कमाईचे आधीचे सर्व विक्रम त्याने मोडले. गोष्ट मात्र जुनीच आहे, असे पुष्कळांनी म्हटले. परके लोक खनिजासाठी एका जमातीची भूमी बळकावू पाहतात आणि त्या परक्यांपैकीच एक जण जमातीच्या बाजूने उभा राहतो. हा प्रश्न खरोखर अवघड आहे. माझे उत्तर असे की, साधी गोष्ट आणि कमकुवत गोष्ट या एक नव्हेत. 'अवतार'ची गोष्ट साधी आहे, जुनी आहे, पुढे काय होणार हे अर्ध्यातच कळते. परंतु आपले घर, आपले झाड, आपली जमीन हिरावली जात आहे, हे दुःख कोणत्याही देशातल्या माणसाला समजते. कमकुवत गोष्ट म्हणजे जिच्यात पात्रे काहीही करतात आणि ती तसे का करतात ते कळत नाही. कोणी मेले तरी कोणाला फरक पडत नाही. तरीही प्रामाणिकपणे सांगतो, त्या तरंगत्या डोंगरांनी 'अवतार'ला फार मोठा हात दिला. पैशाच्या हिशेबात करामत जिंकू शकते, हे मान्य केलेच पाहिजे.

पण नेहमीच जिंकते असे नाही. २००१ मध्ये 'फायनल फँटसी' नावाचा चित्रपट आला. त्यातील सर्व माणसे संगणकावर निर्माण केली होती, अगदी खरी वाटावीत अशी. नायिकेच्या डोक्यावर सुमारे ६०,००० केस होते आणि प्रत्येक केस वेगळा हलत असे. सुमारे १३ कोटी ७० लाख डॉलर खर्च झाला. कमाई त्याहून कितीतरी कमी झाली आणि तो बनवणारा स्टुडिओ बंद पडला. इतके केस मोजून लावले, पण त्या केसांखालच्या डोक्यात काय चालले आहे, हे प्रेक्षकांना शेवटपर्यंत जाणवले नाही.

हे सारे एकाच पात्रावरून समजून घ्यायचे असेल, तर जपानच्या गॉडझिलाकडे पाहा. मार्च १९५४ मध्ये अमेरिकेने प्रशांत महासागरातील बिकिनी बेटावर हायड्रोजन बाँबची चाचणी घेतली. तिची विषारी राख एका जपानी मासेमारी नौकेवर पडली. नौकेवरील २३ जण आजारी पडले आणि त्यांतील एक सप्टेंबरमध्ये मरण पावला. हिरोशिमा आणि नागासाकीला तेव्हा नऊच वर्षे झाली होती. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये इशिरो होंडा यांचा 'गोजिरा' प्रदर्शित झाला. बाँबच्या चाचण्यांनी जागा झालेला एक महाकाय प्राणी टोकियो शहर जाळत जातो. करामत म्हणाल तर अगदी साधी. रबरी पोशाखात एक माणूस आणि त्याच्या पायांखाली खेळण्यांएवढी घरे! पोशाखाचे वजन सुमारे शंभर किलो होते. तो घालून हारुओ नाकाजिमा हा नट काही मिनिटेच उभा राहू शकत असे.

पण गोष्ट पाहा. आगीच्या उजेडात एक आई मुलांना कवटाळून सांगते की आता आपण लवकरच बाबांकडे जाऊ. सेरिझावा नावाच्या शास्त्रज्ञाला त्या प्राण्याला मारणारे अस्त्र सापडलेले असते. पण ते तो देत नाही. एकदा हे अस्त्र जगाला कळले की पुढारी ते माणसांवरच वापरतील, ही त्याची भीती. शेवटी तो आपले सर्व कागद जाळतो, अस्त्र घेऊन समुद्रात उतरतो आणि वर येण्याची दोरी स्वतःच कापून टाकतो. त्याचे रहस्य त्याच्याबरोबर जाते. रबराचा तो पोशाख आपण विसरून जातो.

१९९८ मध्ये हॉलिवूडने तोच प्राणी घेतला. तेरा कोटी डॉलर खर्चले. आकारालाच महत्त्व आहे, अशा अर्थाची जाहिरात केली. संगणकावर घडवलेला प्राणी न्यूयॉर्कमध्ये आला, त्याने अंडी घातली, पुलाच्या दोरखंडांत अडकला आणि क्षेपणास्त्रांनी मेला. का आला, कशासाठी मेला, कोणाचे काय गेले? काहीच लागत नाही मनाला. पैसे तसे मिळाले, पण ठरवलेले पुढचे भाग काढण्याचे धाडस झाले नाही. जपानी लोकांनी याचा गमतीदार सूड घेतला. २००४ च्या एका चित्रपटात त्यांच्या गॉडझिलाने या अमेरिकी प्राण्याला काही सेकंदांत लोळवले!

आणि मग २०२३ मध्ये ताकाशी यामाझाकी यांचा 'गॉडझिला मायनस वन' आला. यामाझाकी दिग्दर्शक, लेखक आणि स्पेशल इफेक्ट्सचे प्रमुखही. खर्च दीड कोटी डॉलरपेक्षाही कमी, असे ते सांगतात. पडद्यावरच्या ६१० करामतींसाठी माणसे होती फक्त ३५. त्यांच्यातील एका तरुणाने संगणकावर समुद्राच्या लाटा इतक्या सुरेख बनवून दाखवल्या, की यामाझाकींनी समुद्रातील दृश्ये वाढवली.

चित्रपटाचा नायक शिकिशिमा हा आत्मघाती हल्ल्यासाठी पाठवलेला वैमानिक. मरायचे धैर्य होत नाही म्हणून तो विमानात बिघाड असल्याचा बहाणा करतो. त्याच रात्री बेटावर गॉडझिला येतो. शिकिशिमाच्या हाती विमानाची तोफ असते, पण ती तो चालवू शकत नाही, आणि आसपासचे कारागीर मारले जातात. घरी परततो तर घर जळालेले, आईवडील गेलेले. शेजारीण त्याला विचारते, तू जिवंत कसा परत आलास? एका अनाथ मुलीला सांभाळत तो जगू लागतो. गॉडझिला पुन्हा पाण्यातून वर येतो, तेव्हा आपण त्याची उंची मोजत बसत नाही. आपण या माणसाच्या हातांकडे पाहतो: या वेळी तरी ते चालतील का?

मार्च २०२४ मध्ये उत्कृष्ट स्पेशल इफेक्ट्सचे ऑस्कर पारितोषिक या चित्रपटाला मिळाले. स्पर्धेत त्याच्याहून कितीतरी अधिक खर्चाचे चित्रपट होते. गोष्टीसाठी नव्हे, करामतीसाठीच हे पारितोषिक असते, हे ध्यानात घ्या. गॉडझिलाच्या सत्तर वर्षांच्या आयुष्यातील ते पहिले ऑस्कर. ते घ्यायला यामाझाकी आणि त्यांचे सहकारी मंचावर आले, तेव्हा त्यांच्या हातांत गॉडझिलाच्या छोट्या बाहुल्या होत्या.